एकोणिसावा भाग

दादाला झटका आला तेव्हा तो दाढी करत होता. एक गाल झाला होता, एक राहिला होता. "तसंच फेस लावलेलं नेलं गं ह्यांना," वहिनी फोनवर म्हणाली आणि पुढचं तिला सांगता येईना.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले होते. त्याची आम्ही हळूहळू सवय करून घेतली. बोलण्याची मात्र सवय होईना. दादा एकतीस वर्षं बस स्थानकावर उद्घोषक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं लोक त्याच्या आवाजात ऐकायचे. निवृत्त झाल्यावरही त्याने भाजीच्या दुकानात "अर्धा किलो" म्हटलं की शेजारची माणसं मान वर करून कर्णा शोधायची.

आता त्याच्या तोंडून "अ" आणि "हे" यांपलीकडे काही येत नव्हतं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र उजेडासमोर धरून समजावलं होतं. त्याला बरंचसं कळतं, शब्दही आत आहेत, पण शब्दांपर्यंत जायची वाट तुटली आहे. मला ते व्यवस्थित समजलं. समजून काही उपयोग झाला नाही.

सोमवारी आणि गुरुवारी एक स्पीच थेरपिस्ट यायची. पंचविशीची असेल, पण बोलायची ठामपणे.

"ह्यांना लहानपणापासून पाठ असलेलं काही आहे का?" तिने विचारलं. "गाणं, कविता, काहीही. कधी कधी जुन्या वाटा शाबूत राहतात."

"गाणं कुठलं!" वहिनी म्हणाली. "ह्यांना पाठ म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक. झोपेतसुद्धा फलाट बदलायचे."

मी म्हटलं, "शलाका."

वहिनीने कपाळावर हात मारला. "आलं! वन्सं, तुमचं ते यान आलंच का?" एरवी आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. 'वन्सं' फक्त टोमण्यासाठी राखून ठेवलेलं.

'शलाका' ही अंतराळयानाची मालिका होती. मुलांसाठीची, तळहाताएवढी, पिवळ्या पाठीची पुस्तकं. दर तीन महिन्यांनी एक भाग यायचा. यानात कप्तान, त्याची जुळी भाचरं, आणि ढब्बू नावाचा यंत्रमानव, ज्याच्या पोटात चहा उकळायची सोय होती. अठराव्या भागात शलाका एका काळ्या ग्रहावर बर्फात रुतते. कप्तान कमरेला दोरी बांधून नांगर सोडवायला बाहेर पडतो आणि भाचरं दोरीचं दुसरं टोक धरून दारात बसतात. त्या भागाचं शेवटचं वाक्य होतं, 'दोरी सैल पडली.' खाली चौकटीत लिहिलं होतं की पुढची हकिगत एकोणिसाव्या भागात.

एकोणिसावा भाग निघालाच नाही. छापखाना बंद पडला असं दुकानदाराने सांगितलं. मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला गोवर निघाला. खिडक्यांना जाड चादरी लावून बारा दिवस मला अंधारात ठेवलं होतं. दादाला गोवर होऊन गेलेला, म्हणून फक्त त्यालाच माझ्याजवळ बसायची मुभा. तो पलंगाच्या पायथ्याशी बसायचा, तोंडापुढे हाताचा द्रोण करायचा आणि जाहीर करायचा, "भाग एकोणिसावा!" मग तासभर गोष्ट. दोरी ओढून घेतल्यावर मुलांना दिसतं की टोक तुटलेलं नाही, सुरीने सरळ कापलेलं आहे. म्हणजे कप्तानाने ती आपल्या हाताने कापली. का कापली, ते शोधायला जुळी बाहेर पडतात. बर्फाखालून चालत जाणारे दिवे असतात. ढब्बू मागे राहतो, कारण त्याच्यात एका तासाचीच वीज उरलेली असते आणि ती त्याला मुलांच्या परतीसाठी दिवा लावायला ठेवायची असते. बाराव्या दिवशी मुलं बर्फातल्या एका दारापाशी पोचली. तेराव्या दिवशी मला बरं वाटलं आणि मी खेळायला पळाले.

संध्याकाळी शेवट विचारला तर म्हणाला, "गोष्ट टाकून लगोरी खेळायला जातेस ना? आता मी सांगेन तेव्हा."

पुढे त्याची आमच्यात एक गंमतच होऊन बसली. माझ्या बारावीच्या निकालाला, माझ्या लग्नात, त्याच्या लग्नात त्याने कानाशी येऊन विचारलं, "सांगू शेवट?" आणि मी म्हणायचे, "म्हातारपणी सांग." बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात माझ्याशेजारी बसून त्याने हे न हसता विचारलं होतं. मी नकार दिला. त्या दिवशी मला कशाचाच शेवट ऐकवला नसता.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "मोजपट्टी, हल्ली विसरायला होतंय गं. एकदा ऐकून घे, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस." मी रविवारी येते म्हटलं. त्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी होती. गेले नाही. पुढच्या रविवारीही गेले नाही. त्याने पुन्हा विषय काढला नाही. मग तो दाढीचा दिवस आला.

मी छप्पन्न वर्षांची आहे. पोरासोरांच्या गोष्टीचा शेवट कळावा म्हणून झुरण्याचं हे वय नव्हे. पण दादाच्या आत जे काही होतं ते सगळं आता परत मिळणार नाही, एवढं मेंदूचं ते चित्र पाहून मला कळलं होतं. मी त्यातलं एकच मागत होते. तेवढं आपल्याला मिळावं, असं मला फार वाटत होतं.

वहिनीच्या माळ्यावर सात भाग सापडले. अठरावा त्यात नव्हता. तो शोधत मी एका निवृत्त दंतवैद्यांकडे पोचले. त्यांच्या दिवाणखान्यात दात तपासायच्या जुन्या खुर्चीसमोरच काचेचं कपाट होतं आणि त्यात मालिकाच मालिका. प्रत्येक पुस्तक वेगळ्या पिशवीत. अठरावा भाग काढताना त्यांनी रबरी हातमोजे चढवले.

"विकत देणार नाही," ते आधीच म्हणाले. "आणि पाठ पूर्ण उघडायची नाही. जबडा जेवढा उघडतो तेवढीच."

"मला नक्कल पुरेल," मी म्हटलं. "आणि एक विचारायचं होतं. एकोणिसावा कुणाकडे—"

"निघालाच नाही. हस्तलिखितही नाही. मी लेखकाच्या मुलीला भेटून आलोय. ती म्हणाली, बाबांनाच ठाऊक नव्हतं पुढे काय करायचं ते." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला ठाऊक आहे की काय?"

"माझ्या भावाला आहे," मी म्हटलं.

"मग लिहून घ्या ना बाई! वाट कसली बघताय?"

मी प्रती काढून घेतल्या आणि रोज दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दादाकडे जायला लागले.

पुस्तकं वाईट होती हे सांगायला हवं. मला ती वाईट असतील अशी भीती होतीच, पण इतकी असतील असं वाटलं नव्हतं. चंद्रावर वारा सुटत होता. पोकळीत स्फोटांचे आवाज घुमत होते. वजन नाहीसं व्हायचं ते फक्त विनोदापुरतं, चहाच्या वेळी परत यायचं. जुळ्यांतली मुलगी पहिल्या भागापासून अठराव्यापर्यंत एकच काम करत होती, घाबरायचं. हीच पुस्तकं उशाखाली ठेवून मी शास्त्र शिकायचं ठरवलं होतं. वाचताना मला लाज वाटली, आणि मग ज्या मुलीला ती आवडली होती तिचीही लाज वाटली. सगळ्यात वाईट तो काळा ग्रह. तिथलं तापमान 'उणे चारशे अंश' लिहिलं होतं. शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या पुढे थंडी जाऊच शकत नाही. त्यापेक्षा गार असं विश्वात काही नाही. हे मी तेरा वर्षांची असताना शिकले आणि शाळेतून पळत येऊन दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "असेल. पण मग तो ग्रह नुसता गार होईल गं. चारशे म्हटलं की भीती वाटते." 'मोजपट्टी' हे नाव त्या दिवशीचं.

मी तापमापक तपासते. तीस वर्षं तेच काम. दवाखान्यांचे, कारखान्यांचे, दूध थंड ठेवणाऱ्यांचे तापमापक आमच्याकडे येतात. आम्ही ते बर्फाच्या कुंडात आमच्या प्रमाण तापमापकाशेजारी बुडवतो आणि किती चुकतात ते लिहून देतो. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते. जे दिसतं ते आधी लिहायचं, चुकीचं दिसलं तरी. दुरुस्ती नंतर, वेगळ्या रकान्यात. मध्येच दुरुस्त करायला गेलात की मूळ आकडा कायमचा जातो.

थेरपिस्टनेही वेगळं काही सांगितलं नव्हतं. "वाक्य वाचा, शेवटचा शब्द सोडा, मनात दहा मोजा. काहीही बोलले तरी चुकलं म्हणायचं नाही. भलताच शब्द आला तरी चालेल. दुरुस्त मात्र करू नका."

पहिले नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी मी वाचलं, "यानाच्या पोटातून धूर आला आणि धुरातून खोकत बाहेर आला तो—"

"ढब्बू," दादा म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "काय म्हणाले? काय?"

"ढब्बू."

"बघा! एवढी वर्षं संसार केला आणि पहिलं नाव कुणाचं घेतलं, तर त्या डबड्याचं." ती पदराने डोळे पुसत हसत होती. दादाही एका बाजूने हसला.

त्यानंतर रोज एखाददुसरा शब्द यायला लागला. दार. भाचरं. चहा. एकदा "नांगर", तोही एकदम खणखणीत. मी वहीत तारीख घालून लिहीत होते. रात्री घरी गेल्यावर नवरा विचारायचा आणि मी आकडा सांगायचे. मला आशा वाटत होती. आता त्या वहीकडे पाहवत नाही.

एका मंगळवारी अठरावा भाग संपला. मी शेवटचं वाक्य वाचलं, "दोरी सैल—"

"पडली," दादा म्हणाला.

मी कागद खाली ठेवले. काही विचारलं नाही. दादाने डावा हात उचलला, तोंडापाशी नेला आणि बोटं वाकवली. द्रोण नीट जमेना, पण तो द्रोणच होता.

"भाग," तो म्हणाला. "एको... एकोणी..."

आत नळ वाहत होता, तो वहिनीने बंद केला.

"कापली," दादा म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "दोरी... कापली. दार. मुलं... दार... उघडलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढचं त्याच्या डोळ्यांत आलेलं मला दिसत होतं. "आत... उणे... चारशे..."

"दोनशे त्र्याहत्तर," मी म्हटलं.

धूळ आली की पापणी मिटते, तसं झालं ते. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण मी पुढे म्हटलं, "चारशे नसतं, दादा. त्याच्याखाली काही नसतंच."

दादाचा हात खाली आला. तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ काहीतरी शोधत हलले, आणि मग त्याने बस स्थानकावरच्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता म्हटलं, "बरोबर."

"नाही, नाही. चारशे. चारशेच होतं. माझं चुकलं. सांग ना, दार उघडलं, मग?"

"बरोबर."

"दादा, आत कोण होतं?"

"बरोबर."

वहिनी दारात ओल्या हातांनी उभी होती आणि रडत होती. आनंदाने. "किती स्पष्ट बोलले गं," ती म्हणाली. "पहिल्यासारखे." मी काय केलं होतं ते तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. अजून झालेलं नाही.

त्या दिवसापासून ढब्बू गेला, नांगर गेला, दार गेलं. पाणी हवं का, बरोबर. दुखतंय का, बरोबर. नुसतं खिडकीबाहेर बघतानासुद्धा, बरोबर. थेरपिस्टने दोन आठवडे तऱ्हेतऱ्हेचे खेळ करून पाहिले. मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"कधी कधी एकच शब्द अडकून बसतो," ती म्हणाली. "दुसऱ्या शब्दाकडे जायला निघालं तरी तोच तोंडात येतो."

"सुटतो का पुढे?"

"काहींचा सुटतो."

"किती जणांचा?"

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, त्या दिवशी कुणी काही म्हणालं होतं का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

अठरावा भाग मी पुन्हा वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. उणे चारशे अंश हे शब्द मोठ्याने, सावकाश, दोनदोनदा. तो माझ्या वाक्यावाक्याला बरोबर म्हणत राहिला.

वहिनीने तेवढ्यातही रस्ता काढला. "आता माझ्या बोलण्याला नाही म्हणत नाहीत," ती म्हणायची. "एवढ्या वर्षांची कसर भरून काढताहेत." पण एकदा ती हे बोलत असताना मी दादाकडे बघत होते. तोंडाने तो बरोबर म्हणाला आणि मान त्याने आडवी हलवली.

"वहिनी, थांब. पुन्हा म्हण."

"काय म्हणू?"

"काहीही. खोटं असेल असं."

वहिनी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी दिसायला रंभा आहे ना?"

"बरोबर," दादा म्हणाला, आणि मान आडवी.

"अस्सं का! आणि भांडकुदळ आहे का मी?"

"बरोबर." मान वरखाली, दोनदा.

आम्ही दोघी हसलो. मी वही काढली आणि वीस प्रश्न लिहिले, ज्यांची उत्तरं मला ठाऊक होती. आपली आई डावखुरी होती का? ढब्बू माणूस होता का? तू बस चालवायचास का? प्रश्न उलटसुलट लावले, म्हणजे सवयीने मान हलायला नको. तीन दिवस, रोज वीस. पहिल्या दिवशी सतरा उत्तरं बरोबर आली, दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी वीसच्या वीस. तोंडावर भरवसा नव्हता, पण मान खरं सांगत होती. एवढ्या पुराव्यावर मी कुठलाही तापमापक पास केला असता.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"दादा, एकोणिसाव्या भागाचा शेवट तुला आठवतो?"

"बरोबर." मान वरखाली. लगेच.

"मी विचारत जाते, तू मान हलव. कप्तान परत येतो का?"

"बरोबर." मान आडवी.

मला वाईट वाटलं. छप्पन्नाव्या वर्षी, त्या कप्तानासाठी. "म्हणजे तो मरतो?"

मान आडवी.

"तिथेच राहतो? त्या दारामागे?"

आडवी.

"दारामागे दुसरं कुणी असतं? कप्तानच नसतो?"

आडवी. त्याने डावा हात गादीवर आपटला, घाईने, जवळ आलीस पण तिकडे नाही, असं काहीसं.

मी विचारत राहिले. मुलंच परत जात नाहीत का? ढब्बू येतो का? ते सगळं स्वप्न असतं का? दार म्हणजे शलाकाचंच दार असतं का? प्रत्येक वेळी तो स्पष्ट आवाजात बरोबर म्हणायचा आणि मान आडवी हलवायचा. मी वहीत लिहीत होते. चाळीस प्रश्न झाले. मी वर्षानुवर्षं जे काही वाचलं होतं, ऐकलं होतं, त्यातला एकेक शेवट काढून त्याच्यापुढे धरला. मग शेवटही राहिले नाहीत, शेवटांचे तुकडे विचारू लागले. आत उजेड असतो? ऊब असते? आवाज येतो? एका चौदा वर्षांच्या मुलाने गोवर झालेल्या बहिणीसाठी रचलेलं काहीतरी त्याच्या डोळ्यांमागे अखंड होतं, आणि माझ्या एकाही प्रश्नाच्या वाटेवर ते येत नव्हतं.

दादा दमला होता. मान हलवायचं थांबवून तो माझ्याकडे बघू लागला. मी पुढचं काहीतरी विचारेन म्हणून तो वाट बघत होता.

मला काही सुचेना. वहीचं पान अर्धं कोरं होतं. तरी मी लेखणी टेकवून बसून राहिले. जिन्यात वहिनीच्या चपला वाजल्या, कुलपात किल्ली फिरली.

"काय गप्पा चालल्यात भावाबहिणीच्या?" तिने आत येत विचारलं.

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.